ताम्पेरेच्या तळ्यात एक डुबकी

बेडोक, सिंगापूर

प्रिय संजू,

पाचगणीच्या होस्टेलमध्ये आपण परकर छातीवर बांधून अंघोळ करायचो, आठवतं? दाराबाहेर सिस्टर उभी, आत आपण दोघी एका बादलीवर, थंडीने दात वाजतायत. आपलं अंग आपणही बघायचं नाही, देवदूताला लाज वाटते, असं ती सांगायची. मुळात देवदूत न्हाणीघरात येतोच कशाला, असं तू विचारलंस आणि महिनाभर तुझं गोड बंद झालं.

हे हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या ठेल्यांच्या गर्दीत, कॉफी घेऊन लिहितेय. घरी बसले तर राजस विचारील, आई, एवढं कोणाला? रविवारी मी त्याला एक गोष्ट सांगणार आहे. मग तो तुला फोन करील, मावशी, तूच तिला समजाव म्हणून. त्याआधी माझ्याकडून ऐक.

मार्चअखेर माझ्या स्कॅनची तारीख होती. ती मी पुढे ढकलली आणि इराकडे फिनलंडला गेले. माझी नात सहा महिने ताम्पेरेला शिकतेय. राजस रागावला, तरी विमानतळापर्यंत सोडायला आला. ताम्पेरे म्हणजे दोन तळ्यांच्या मधलं गाव. म्हणे वसंत सुरू झालाय. झाडाला एक पान नाही, कडेला काळपट बर्फाचे ढीग, फुटपाथवर खडी, तळं अजून पांढरं. पण ऊन पडलं की लोक कोट उघडून, भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून उभे राहतात. जन्मभर ऊन चुकवत चाललेली मीही त्यांच्यात उभी राहिले.

मग इरा मला बायकांच्या सॉनात घेऊन गेली. लाकडी खोली, तापलेले दगड, नुसती वाफ. मी काय केलं असेल? परकर बांधून आत गेले. आत दहाबारा बायका, अंगावर सूत नाही, निवांत गप्पा चाललेल्या. ऐंशीच्या एका बाईने परकराकडे बोट दाखवून मान हलवली. इरा म्हणाली, आजी, कॅनॉट ला, इथे कपडे चालत नाहीत.

डावा स्तन काढून सहा वर्षं झाली, संजू. उल्हाससमोरसुद्धा, नवरा असून, मी दिवा मालवूनच कपडे बदलायचे. त्याने कधी हट्ट केला नाही, आणि तो व्रण न बघताच गेला. त्या दिवशी मी परकराची गाठ सोडली. बायकांनी पाहिलं नाही असं नाही. पाहिलं, आणि सरकून जागा दिली. त्या म्हातारीने मला तिच्या पोटावरचा टाक्यांचा व्रण दाखवला, आपण एकमेकींना साडीचा काठ दाखवतो तसा.

नंतर पोहण्याचे कपडे घालून बाहेर धक्क्यावर. बर्फात कापलेला चौकोन, शिडी, काळं पाणी. इरा नको नको म्हणत होती. मी गळ्यापर्यंत उतरले. तेव्हा जी शिवी हासडली ती कॉन्व्हेंटमध्ये शिकवत नाहीत. पोरगी हसून हसून बर्फातच बसली.

परत येऊन स्कॅन केला. आता यकृतात आहे. डॉक्टर म्हणाले, केमोने काही महिने वाढतील. ते महिने कसे असतात, मला माहीत आहे. मी नाही म्हणून सही करून आले. राजस रडेल, भांडेल. तू त्याची बाजू घेऊ नकोस. आणि हे लिहून ठेव. पाटल्या इराला, मोडून हवं ते करू दे. पुरणयंत्र आणि मसाल्याचे डबे ऋचाला. माझी सून तोंडाने मागणार नाही, म्हणून तू आठवणीने दे. उल्हासचं जहाजावरचं घड्याळ राजसला. हिरवी पैठणी तुला. पेटीत ठेवू नकोस, भाजी आणायला नेस. सोबतच्या बंद पाकिटात इराने काढलेला फोटो आहे, धक्क्यावर टॉवेल गुंडाळून उभी मी, लालबुंद, दात काढून हसणारी. ते पाकीटही राजसचंच, पण लगेच देऊ नकोस. आईने हाय खाल्ली असं ज्या दिवशी कोणी त्याच्यासमोर म्हणेल, त्या दिवशी दे.

तुझीच,
गिरिजा