स्टर्जन्स जिंकेपर्यंत मी छतावर

३० ऑगस्ट, शनिवार
हर्बच्या बारमध्ये आज सगळ्यांसमोर स्टुलावर उभं राहून जाहीर केलं: आमच्या गावची अमेरिकन फुटबॉल टीम पोर्ट हॅरल्ड स्टर्जन्स सीझनची पहिली मॅच जिंकेपर्यंत मी, क्लेम झिलिन्स्की, माझ्या बोलिंग अ‍ॅलीच्या छतावर राहणार. टाळ्या. हर्बने एक बिअर फुकट पाजली, म्हणजे प्रसंग किती मोठा होता बघा.
घरी डोरीनला सांगितलं. ती म्हणाली, छत गळतंय, वर जातोच आहेस तर डांबर घेऊन जा.
बायकोला खेळातलं अध्यात्म कळत नाही.

७ सप्टेंबर, रविवार
सकाळी चढलो. सोबत खुर्ची, टीव्ही, एक सँडविच. रात्रीच्या जेवणाला घरी, असं डोरीनला बजावलं.
हरलो. ३४–३. नवा क्वार्टरबॅक आहे, बॉल फेकायचं सगळं त्याच्यावर, हात बसायला वेळ लागतो. डोरीनला तंबू पाठवायला सांगितलं.

१४ सप्टेंबर
हरलो. रेफरी आंधळा.

२१ सप्टेंबर
हरलो. वारा उलटा होता. (दोन्ही टीमना तोच वारा होता, असं डोरीन खालून ओरडली. मी टीव्हीचा आवाज वाढवला.)
छतावर प्लास्टिकचा संडास क्रेनने चढवला. अख्खा गाव बघायला जमला होता. माणूस लोकप्रिय झाला की थोडं सोसावं लागतं.

५ ऑक्टोबर
टेस येऊन गेली. पोरीचं लग्न ६ डिसेंबरला आहे. आमच्या गावात लग्नाचा मुहूर्त पाद्री काढत नाही, टीमचं वेळापत्रक काढतं. त्या आठवड्यात स्टर्जन्सना सुट्टी, मॅच नाही. तारीख टेसनेच शोधली होती, खास माझ्यासाठी.
तिने विचारलं, बाबा, तोपर्यंत जिंकले नाहीत तर?
मी हसलो. म्हटलं, अगं, तोवर तेरा मॅच होतील. तेरात एक? आंधळ्यानेही तेरा दगड मारले तर एक आंबा पडेल.
ती हसली नाही. चर्चमध्ये हात धरून मला तूच न्यायचंस, म्हणाली. दिलं वचन. त्यात काय!

१९ ऑक्टोबर
हरलो. शेवटच्या सेकंदाला आपल्याच माणसाने बॉल आपल्याच कोचच्या पोटात मारला. पण काय जोर होता त्यात! सुधारणा दिसते आहे.

२ नोव्हेंबर
सगळ्या हरलो. गावात फितुरी सुरू झाली आहे. काही जण उघड म्हणतात की आता हरलेलंच बरं, कारण तळाला जी टीम असते तिला कॉलेजच्या पोरांमधून पहिला खेळाडू निवडता येतो, आणि यंदा टेक्सासचा एक क्वार्टरबॅक आहे, म्हणे हिरा. अशांना गावाबाहेर काढलं पाहिजे.
लोकांचं माझ्यावरचं प्रेम मात्र वाढतंय. हर्बने हीटर पाठवला. शेजारच्या न्हाव्याने झोपायची उबदार पिशवी दिली. रोज कोणीतरी सूप आणतं. आज पार्किंगमध्ये मोठा फलक लागला: ‘क्लेम, वरच राहा!’ डोळे भरून आले.
डोरीन म्हणाली, हे सगळे तुला पनौती समजतात, म्हणून वर ठेवतायत.
थंडीने तिचं डोकं चालत नसावं.

२३ नोव्हेंबर
हरलो. ०–४१. बाराव्यांदा.
टेसने सूट पाठवला. सोबत चिठ्ठी नाही. होणारा जावई कोल्बी सूट मी दोराने खाली सोडलेल्या टोपलीत ठेवून दोर हलवून गेला. पोरगा पिट्सबर्गचा आहे, त्यांची टीम जिंकते, त्यामुळे त्याला जगाचं दुःख माहीत नाही.
अजून एक मॅच बाकी. ३० तारखेला. एकच पुरे.

३० नोव्हेंबर, सकाळी ११
सरोवरावरून असा बर्फ आला की तंबू दिसेना. मॅच रद्द! पुढे ढकलली!
दुपारी २
कधी ढकलली ते कळलं. ६ डिसेंबर, दुपारी एक. दोन्ही टीमना त्या आठवड्यात सुट्टी होती, म्हणून.
टेसचं लग्न चार वाजता.
घाबरायचं कारण नाही. मॅच साधारण सव्वाचारला संपेल, पण आपण तीनपर्यंतच इतके पुढे असू की उतरायला हरकत नाही. आतून सूट, वरून टीमची जर्सी. चर्च दोन चौक पलीकडे. बेत पक्का.

६ डिसेंबर, दुपारी १२:५०
सूट चढवला. पँट आवळते आहे. सूपचा परिणाम.
२:४०
०–१७. अजून वेळ आहे.
३:२५
अजूनही ०–१७. पार्किंगमध्ये दोनेकशे लोक ‘क्लेम, वरच राहा’ ओरडतायत. डोरीन एकदाच येऊन वर बघून गेली. बोलली नाही. ती बोलली नाही की मला भीती वाटते.
३:४०
टेस आली आहे. पांढरा गाऊन, खाली बर्फाचे बूट.

६ डिसेंबर, रात्री
जमेल तसं लिहितो.
टेस शिडीपाशी उभी राहिली. हर्ब तिला म्हणाला, बाळ, गावाचा विचार कर. ती म्हणाली, हर्बकाका, तुम्ही गप्प बसा. मग वर बघून म्हणाली, बाबा, मी दहापर्यंत मोजते, मग आईचा हात धरून जाते. लहानपणी ती तलावातून बाहेर यायची नाही तेव्हा मी असाच दहापर्यंत मोजायचो. ती नेहमी नऊला यायची.
मीही नऊला उतरलो. खाली लोकांनी हुर्यो उडवली. कोणीतरी बर्फाचा गोळा मारला, मानेवर बसला.
चर्चमध्ये टेसचा हात माझ्या हातात होता. अर्ध्या वाटेवर मागच्या बाकांवरून एकदम आरडाओरडा झाला. मला वाटलं, टेस किती सुंदर दिसतेय म्हणून. पुढे दोन पावलं गेलो तर परत ओरडा. समोर फादर लिओ बायबलमध्ये बघून ओठ चावत होते. बायबलमध्ये फोन होता.
२०–१७. जिंकलो.
सीझनमधला पहिला विजय, आणि मी तो बघितला नाही. मी टेसकडे बघत होतो. हे खरं आहे, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. हे हर्बला कळता कामा नये.

७ डिसेंबर
नीट विचार केला. तेरा आठवडे मी जे तप केलं त्याचंच हे फळ, फक्त चर्चमध्ये असताना पदरात पडलं.
गावाचं मत वेगळं. मी उतरलो आणि टीम जिंकली, म्हणून मी पक्का पनौती. हर्बने हीटर परत मागितला.

२८ डिसेंबर
तीन आठवडे घरी सोफ्यावर. तिन्ही हरलो. आता आणखी एका टीमचा आणि आपला एकेकच विजय आहे. शेवटची मॅच त्यांच्याशीच, ती हरलो तर टेक्सासचा हिरा आपला.

३ जानेवारी, शनिवार
हर्ब आला. सोबत न्हावी आणि पाच-सहा जण. टोप्या हातात. हर्ब म्हणाला, क्लेम, झालं गेलं विसर, उद्या एक दिवस वर चढ. तू वर असलास की आपण हरतोच.
अपमान आहे की मान, यावर बराच विचार केला. पनौती तर पनौती, पण शक्ती आहे, हे आता गावानेच कबूल केलं! मी हो म्हटलं.
डोरीन म्हणाली, उद्या टेस आणि कोल्बी लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला येतायत. मी बटाट्याचं सारण भरून पिएरोगी करतेय.
म्हटलं, चारपर्यंत टीमला हरवून येतो.

४ जानेवारी, संध्याकाळ
जिंकलो. ३१–६. कोणालाच कळेना कसं. क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू निसटला तरी तो आपल्याच माणसाच्या कुशीत जात होता.
पार्किंग दहा मिनिटांत रिकामं. हर्ब वर बघून जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. जाताना शिडी घेऊन गेला. त्याचीच होती.
एक तास ओरडलो. मग घरी फोन केला. टेसने उचलला.
ती ताटावरून उठून आली, कोल्बी शिडी घेऊन मागे. पिट्सबर्गचा पोरगा, पण शिडी सरळ लावली. टेसने ती दोन्ही हातांनी धरली. मी वरूनच विचारलं, खरं सांग, माझ्यामुळे टीम जिंकते की हरते?
ती म्हणाली, बाबा, त्या टीमला तू माहीतसुद्धा नाहीस.
मी टीव्ही बंद केला. मग ती म्हणाली, चल, जेवण गार होतंय, मी दहापर्यंत मोजते.
या वेळी तीनलाच उतरलो.
पिएरोगी गार झाल्या होत्या. डोरीनने गरम करून दिल्या नाहीत, पण ताट झाकून ठेवलं होतं. जेवताना मनात आलं, छताने काही होत नाही, पुढच्या वर्षी तळघर करून बघावं. टेसने माझ्याकडे बघितलं. मी दुसरी पिएरोगी घेतली.