निळ्या रेघेची गाडी

पिंपरी,
ता. ११ फेब्रुवारी २०२५

चि. कस्तुरा हिस,
धोंडीदादाचा सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या डिसेंबरातल्या पत्राला आज उत्तर लिहितोय, उशिराबद्दल रागावू नकोस. उशीखाली ठेवून ठेवून त्याच्या घड्या फाटायला आल्या. आधी खोकला, मग चष्म्याचा नंबर बदलला, मग नवा चष्मा दीक्षाच्या स्कूटरवरून पडला. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर सुचत नाही, म्हणून आपलं हे पत्रच बरं. गुडघे कसे आहेत? जिना चढू नकोस. गच्चीवर तूर वाळत घालायची असेल तर धम्मरत्नला घालू दे. तुझा मुलगा आहे, चढेल. पडलीस तर मला इकडे कळायलासुद्धा आठवडा जाईल, ही धास्ती असते.

आता मुख्य गोष्ट. आपली गाडी प्रदर्शनाला जायची आहे. नानासाहेब शेठची ती काळी जर्मन गाडी. मी आयुष्यभर तीच चालवली आणि कारखाना बंद करताना शेठनी ती माझ्या नावावर करून दिली. माझी नात दीक्षा चाकणला गाड्यांच्या कंपनीत लागल्यापासून तिला जुन्या गाड्यांचं वेड लागलंय. मार्चअखेर पुण्यात जुन्या उंची गाड्यांचं प्रदर्शन आहे, त्याचा अर्ज तिने मला न विचारता भरला. गाडी सध्या निघोज्याला रविराज म्हणून एकाच्या शेडमध्ये आहे. माणूस चांगला आहे, पण शेडमध्ये उंदीर आहेत. वायरी कुरतडतील म्हणून मी एक दिवसाआड बस बदलत जाऊन बघून येतो. रविराज म्हणतो, आजोबा, तुम्ही आलात की उंदीरसुद्धा हजेरी लावून जातात.

त्याच्याकडे गाडीच्या कंपनीचं जाड पुस्तक आहे. त्या काळी कोणत्या गाडीला बाहेरून काय लावून मिळायचं, ते चित्रांसकट छापलंय. दारावरची क्रोमची पट्टी कुणाला रुंद, कुणाला अरुंद. चाकांच्या टोप्या कुणाला गाडीच्या रंगाच्या, कुणाला नुसत्या चकचकीत. खिडक्यांखालची रेघ पांढऱ्या गाडीला लाल, राखाडीला पांढरी आणि काळीला सोनेरी, तीही बारीक जोडरेघ. निळी कुठेच नाही.

प्रदर्शनाचे एक साहेब बघायला आले. बंपर चिंचवडात क्रोम करून आणलाय, तो चालतो म्हणाले. काचेभोवतीचं रबर नवं, तेही चालतं. उजवीकडची पट्टी इथल्याच कारागिराने ठोकून केलीय, तिच्यावरून हात फिरवून वा म्हणाले. मग निळ्या रेघेपाशी आले आणि म्हणाले, हे ओरिजिनल नाही, हे काढा. रविराजने थिनरच्या चिंधीने नखाएवढी जागा पुसली, तर निळ्याखाली सोनेरी जशीच्या तशी! साहेब एकदम खूश. एका दुपारचं काम आहे म्हणाले. मी रविराजच्या हातातून चिंधी काढून घेतली.

तुला हे सांगायला नको, पण राग आला की मी सगळं पहिल्यापासून सांगतो. तुझं लग्न पिंपरीत झालं आणि तुला सासरी पोचवायला मी शेठची गाडी मागितली. हिवरवाडीहून निरोप आला, तुमच्या लोकांची गाडी चावडीपुढून आणायची नाही, वेशीत उतरायचं आणि नवरीने चालत जायचं. शेठ म्हणाले, धोंडीबा, घाबरतोस कशाला, माझी गाडी बघून तेच बाजूला होतील. ते खरंच होतं. सोनेरी रेघ बघून चावडीवरचे उठून उभे राहिले असते, आत कोणी शेठ आहे असं समजून. मला तसं जायचं नव्हतं. विहाराच्या दारासाठी आणलेला निळा रंग उरला होता, तो मी सोनेरीवरून ओढला. भीतीपोटी इतक्या घाईने ओढला की डाव्या मागच्या दारावर रेघ गांडुळासारखी गेली. पण गाडी चावडीपुढून गेली, आणि कुणाची आहे ते सगळ्यांना दिसलं. परत आल्यावर शेठनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, निदान ब्रश तरी चांगला घ्यायचास.

म्हणून मी साहेबांना स्पष्ट सांगितलंय, ही रेघ माझ्या बहिणीच्या मानाची आहे, प्रदर्शन गेलं खड्ड्यात. दीक्षाकडून अर्जावरही तुझ्या नावानिशी तसं लिहून घेतलंय. ते म्हणतात, बहिणीचं पत्र आणा, मग समितीपुढे ठेवू. तेव्हा तू दोनच ओळी लिही, की रेघ राहू द्यावी. वेळ लावू नकोस.

कळावे. लोभ आहेच, तो तसाच असू दे.

तुझा,
धोंडीदादा

---

हिवरवाडी,
ता. २४ फेब्रुवारी २०२५

ती. धोंडीदादास,
कस्तुराचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. खोकल्यासाठी ज्येष्ठमध चघळ आणि उंदरांसाठी मांजर पाळ, शेडमध्ये जाऊन बसल्याने दोन्ही जाणार नाहीत. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. तूर मीच वाळवली.

तू दोन ओळी मागितल्यास. एकच लिहिते. रेघ पुसून टाक.

दादा, लग्नाआधी मी तुमच्याकडे राहायला आले होते तेव्हा तू रोज सकाळी ती गाडी धुवायचास आणि मी दारात बसून बघायचे. ती जोडरेघ मला इतकी आवडली की लग्नाची साडी घेताना मी तसेच दोन बारीक जरीचे काठ शोधून घेतले. वहिनी म्हणाली होती, रुंद काठ घे, नवरीला शोभेल. मी ऐकलं नाही. मनात एकच होतं, या गाडीतून या साडीत उतरायचं. निघायच्या दिवशी सकाळी बाहेर आले, तर तू सगळी रेघ निळी करून ठेवलेली. मी रडले. सगळ्यांना वाटलं माहेर सुटतं म्हणून रडते. तुलाही तसंच वाटलं, कारण तू मला रुमाल दिलास आणि म्हणालास, पिंपरी काही लांब नाही.

आणि मानाचं म्हणतोस, तर हेही ऐक. दुसऱ्या दिवशी तू गाडी घेऊन परत गेलास. गावात मी राहिले. कितीतरी दिवस मला कुणी नावाने हाक मारली नाही, निळ्या गाडीवाली म्हणायचे. गिरणीत माझं दळण सगळ्यात शेवटी. मग मी गिरणीच्या पायरीवर बसून आपली गाणी मोठ्याने म्हणायला लागले. गिरणीवाल्याचे कान किटले आणि माझं दळण पहिलं व्हायला लागलं. तो मान मी मिळवला, तुझ्या रंगाच्या डब्याने नाही.

साडी अजून पेटीत आहे. कळावे. वहिनीच्या माघारी स्वतःच्या जेवणाकडे बघत जा, आणि लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
कस्तुरा

---

पिंपरी,
ता. ४ मार्च २०२५

चि. कस्तुरा हिस,
जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी जेवलो नाही. दीक्षाने वाचलं आणि ती हसली. म्हणाली, आजोबा, कस्तुराआजीने तुम्हाला थिनर लावलं. आता घरात मला साथ द्यायलाही कोणी नाही.

इतकी वर्षं तू बोलली नाहीस आणि आता बोललीस, तेही त्या साहेबाच्या बाजूने! मी चुकलो असं मी म्हणणार नाही, आधीच सांगतो. साडीचे काठ मला माहीत नव्हते, पण माहीत असते तरी मी निळीच ओढली असती. तू आत बसली होतीस, स्टिअरिंग माझ्या हातात होतं. चावडीवरून एक दगड आला असता तर पहिला माझ्या काचेवर आला असता. मला एवढंच हवं होतं, की दगड आला तर तो आपल्याला म्हणून यावा आणि वाट मिळाली तर तीही आपल्याला म्हणून मिळावी. शेठच्या नावावर उसना सलाम घेऊन मी बहिणीला सासरी पोचवणार नव्हतो. आजही पोचवणार नाही.

गिरणीचं मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा विचार डोक्यातून जात नाही. मला कळलं असतं तर मी आलो असतो.

रविराज रोज विचारतो, काय ठरलं. मी गाडीवर कापड घातलंय, त्याला दोरी बांधलीय आणि दोरीची गाठ अशी मारलीय की मलाच सुटत नाही. रक्तदाबाची गोळी वाढवलीय. तू लिहून देत नसशील तर देऊ नकोस, मी एकटा लढेन.

कळावे. राग आहे, पण लोभ त्याच्याहून जुना आहे.

धोंडीदादा

---

हिवरवाडी,
ता. १२ मार्च २०२५

ती. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

जेवत जा. या वयात रुसून उपास केला तर कोण समजूत काढायला येणार आहे!

तू आला असतास म्हणतोस. आला असतास तर आणखी एक डबा रंग घेऊन आला असतास, म्हणून तर मी कळवलं नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, हे धम्मरत्नचे वडीलही म्हणायचे आणि पोट धरून हसायचे. ते तुझ्या बाजूचे होते. त्या दिवशी चावडीपुढून गाडी गेली तेव्हा ते घाबरले होते, पण माझा हात त्यांनी सोडला नव्हता. मी मात्र साडीसाठी रुसले होते. दोघांचंही खरं होतं.

तुझी रेघ तुला ठेवायची असेल तर ठेव. पण ती बहिणीच्या मानाची आहे असं अर्जावर लिहू नकोस. माझं नाव तिथून काढ. हट्ट तुझा आहे, तर तो तुझ्या नावाने कर. आणि मला काय हवं ते विचारशील, तर इतक्या वर्षांत तू एकदाही विचारलं नाहीस म्हणून मीच सांगते. मला एकदा सोनेरी रेघेच्या गाडीत बसायचंय. साहेबासाठी नाही, प्रदर्शनासाठी नाही. मला हवंय म्हणून.

कळावे. मायेत अंतर नको.

तुझी,
कस्तुरा

---

पिंपरी,
ता. २ एप्रिल २०२५

चि. कस्तुरा हिस,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

पुन्हा उशीर झाला, पण या वेळी मी कामात होतो. तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी दीक्षाला बसवून अर्जावरचं तुझं नाव काढायला लावलं. तिथे लिहिलं, ही रेघ धोंडीबाने स्वतःच्या हट्टाने मारली आहे. दीक्षा म्हणाली, हे वाचून ते आपल्याला वेड्यात काढतील. काढू देत.

मग निघोज्याला गेलो. दोरी रविराजने कापली. मी त्याला सांगितलं, डावी बाजू पूस, उजवीला हात लावायचा नाही. त्याने मला आधी खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं. म्हणाला, आजोबा, अशी गाडी जगात नसते, एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरं. मी म्हणालो, तू पूस. कस्तुरा, काय सांगू, निळा रंग सुटत गेला आणि खालून ती जोडरेघ बोनेटपासून डिकीपर्यंत निघाली. कुठे तुटली नव्हती. मी गाडी इतकी वर्षं पुसली, पण ती इतकी बारीक आहे हे मी विसरलो होतो. साडीचे काठ तू बरोबर घेतले होतेस. उजवीकडे माझी निळी तशीच आहे, जाड आणि वेडीवाकडी. तिचं मला काही वाटत नाही.

साहेबांचा फोन आला. फोटो बघून भडकले होते. म्हणाले, दोन बाजूंना दोन रेघा असा नमुना कुठल्याही कारखान्यातून कधी निघालेला नाही, आमच्या कुठल्याच पुस्तकात नाही, तुमचं नाव यादीतून काढतोय. फोनवर मला एरवी सुचत नाही, पण त्या दिवशी सुचलं. मी म्हणालो, पुस्तकात नसेल तर लिहून घ्या साहेब, असा एक नमुना पिंपरीत आहे. त्यांनी फोन ठेवला. दीक्षाने रविराजला पेढे दिले. कशाचे ते तिलाच माहीत.

प्रदर्शन आपल्याशिवाय झालं. आता जयंतीला मिरवणुकीत गाडी काढा म्हणून इथले सगळे मागे लागलेत, पण त्याआधी मला तिकडे यायचं आहे. तुला नेण्यासाठी. इंजिन घाटात तापेल ही काळजी आहे, म्हणून पाण्याचे कॅन घेतलेत. टायर जुने आहेत, म्हणून रविराज स्वतः मागून त्याची गाडी घेऊन येणार आहे. दीक्षा पुढे माझ्याशेजारी बसेल आणि मी झोपतो का ते बघेल. मी झोपत नाही, पण तिला तसं वाटतं. तू मागे डाव्या हाताला बसायचंस. साडी पेटीतून काढून उन्हात टाक, घडीवर विरली असेल तर जपून नेस. गुडघ्यांसाठी मी पायाशी लाकडाचा पाट ठेवतोय, उतरताना उंच वाटणार नाही.

एक गोष्ट मात्र विचारायची आहे आणि तिच्यावर सगळं अडलंय. वेशीतून गावात शिरताना चावडी उजव्या हाताला होती. ती अजून तिथेच आहे, की नवी बांधताना पलीकडे नेली? तिथेच असेल तर येताना तिच्याकडे माझी निळी बाजू राहील आणि तुला घेऊन निघताना तुझी सोनेरी. पलीकडे नेली असेल, तर मला गावाला वळसा घालून दुसरीकडून शिरावं लागेल. घालीन. पण रस्ता आधी माहीत हवा.

कळावे. लोभ आहे तेवढा पुरे, वाढला तर दोघांनाही या वयात झेपणार नाही. चावडी कुठे आहे तेवढं लिहून उलट टपाली पाठव. तुझं पत्र आलं की मी गाडीत पाणी भरतो.

तुझा,
धोंडीदादा