माझी शिफारस, केदारचं एमबीई

२५ ऑक्टोबर २०२५, शनिवार. सकाळी ९.
आज कॉर्कच्या मराठी मंडळाची दिवाळी. कॅरिगलाइनच्या कम्युनिटी हॉलमध्ये माझा एकपात्री. बारा मिनिटं दिली आहेत. मी पस्तीस करणार. चांगल्या कलावंताला कुणी थांबवत नाही.

संध्याकाळी ६.
थांबवलं. एकविसाव्या मिनिटाला बटाटेवडे आले आणि अर्धा हॉल उठला. शेवटपर्यंत चार जण बसले होते. पैकी दोघे साउंडचे.
बायको, विभावरी, गाडीत म्हणाली, वडे छान होते.
असो. हा अपमान शेवटचा. नव्या वर्षात हीच माणसं माझ्यासोबत फोटो काढायला रांग लावतील.

२६ ऑक्टोबर, रविवार.
माझ्या स्वतःच्या माहितीसाठी सगळं क्रमवार लिहून ठेवतो. (फार्मा प्लांटमध्ये बावीस वर्षं व्हॅलिडेशनच्या तपासण्या आणि नोंदी करतोय. लिहिलेलं नाही ते घडलेलंच नाही, हा आमचा नियम.)
गेल्या वर्षी मार्चमध्ये लेस्टरहून गिरिजा नावाच्या बाईंची ईमेल आली. त्या एका केअर होमच्या मॅनेजर. केदारचं नाव ब्रिटिश राजाच्या एमबीई या सन्मानासाठी पाठवत आहेत, तुम्ही त्याचे जुने सहकलाकार, तर एका पानाचं शिफारसपत्र द्याल का? केदारला मात्र कळू देऊ नका.
केदार म्हणजे माझा कॉलेजपासूनचा मित्र. 'मालक आणि भाडेकरू' या आमच्या जोडीतला भाडेकरू. मालक मी. पुणे, मग इंग्लंडातली सगळी मंडळं, शंभरावर प्रयोग. पुढे त्याला लेस्टरच्या वृद्धाश्रमात, विसरभोळ्या म्हाताऱ्यांसमोर प्रयोग करायची हुक्की आली. मी म्हटलं, पंचलाइन येईपर्यंत ज्यांना विनोदाची सुरुवात आठवत नाही त्यांच्यापुढे मी करणार नाही. तिथं जोडी फुटली.
तर ती ईमेल. बाई सुशिक्षित, त्यामुळे स्पष्ट लिहिलं नव्हतं, पण अर्थ उघड होता. जोडीतला एक सुचवला की दुसरा ओघानंच येतो. भाडेकरूला एमबीई आणि मालकाला काहीच नाही, असं कुठलं सरकार करेल?
मी मनापासून लिहिलं. साडेचार पानं. केदारबद्दल अर्ध्या पानात सगळं बसलं. उरलेल्या चार पानांत पार्श्वभूमी दिली, म्हणजे मी.
आता मी आयरिश नागरिक, म्हणून माझं मानद असणार. तेही चालेल.
आईला फोन करायचा. आज राहिला. उद्या नक्की.

८ नोव्हेंबर, शनिवार.
राजासमोर मान किती झुकवायची याची प्रॅक्टिस किचनमध्ये. तिसऱ्या वेळी वर येताना प्रेसचं (इथं कपाटाला प्रेस म्हणतात) उघडं दार कपाळाला लागलं. विभावरीनं फ्रोझन मटार दिले आणि आत कप लावत राहिली. काय चाललंय हेही विचारलं नाही.
निवेदिताला मात्र विश्वासात घेतलं. सोळा वर्षांची आहे, समजूतदार आहे. मराठीत नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, "डॅड, यू लिव्ह इन कॉर्क."
मी म्हटलं, मग काय झालं?
"दॅट्स इंग्लंड्स किंग."
या मुलीला दोन वर्षं मंडळाच्या मराठी वर्गाला पाठवलं होतं.

९ नोव्हेंबर, रविवार.
निवेदिताच्या बोलण्यात मुद्दा आहे. कॉर्कला रिबेल काउंटी, बंडखोरांचा जिल्हा, उगाच म्हणत नाहीत. शेजारच्या डोनलकडे, नावं न घेता, विषय काढला. म्हटलं, समजा एखाद्या इथल्या माणसाला इंग्लंडच्या राजानं पदक दिलं तर?
डोनल निवृत्त इतिहासशिक्षक. त्यानं कुंपणावर दोन्ही कोपर ठेवले आणि म्हणाला, त्या माणसानं ते नाकारावं. नाकारण्यात जास्त क्रॅक, म्हणजे मजा, आहे. पबमध्ये जन्मभर पेय फुकट.
याचा मी विचारच केला नव्हता. दुपारभर दोन भाषणं लिहिली. एक स्वीकाराचं, एक नकाराचं. नकाराचं जास्त चांगलं झालंय. स्वीकार केला तरी त्यातला शेवटचा परिच्छेद वापरता येईल.
आईचा फोन राहिलाच. पुण्यात तोवर जेवणं होऊन गेलेली असतात.

२५ नोव्हेंबर, मंगळवार.
आलं!! लांब पांढरं पाकीट, ब्रिटनचा शिक्का. दुपारी एक वाजता प्लांटमधून हाफ डे टाकून घरी आलो, कारण विभावरीनं मेसेज केला की यूकेहून काहीतरी आलंय. रिंगास्किडीचा प्लांट ते घर, कुठलाही सिग्नल लागला नाही. शुभशकुन.
हात धुतले. बसलो. उघडलं.
२००३ साली इंग्लंडात स्लाउला सहा महिने होतो, तेव्हाच्या ड्रायव्हिंग लायसन्सची मुदत संपली आहे. नूतनीकरण करायचं नसल्यास परत पाठवावं.
बावीस वर्षांनी माझा पत्ता शोधून काढला. म्हणजे तिकडे कुठल्यातरी टेबलावर माझी फाइल उघडलेली आहे. चांगलं लक्षण.

३० नोव्हेंबर, रविवार.
केदारचा फोन. दोन महिन्यांनी. आवाज विचित्र. कसा आहेस, हे दोनदा विचारलं. मग म्हणाला, तुझ्याशी एक बोलायचंय पण आत्ता बोलता येत नाही.
मी ओळखलं. सन्मानाची पत्रं नोव्हेंबरातच जातात आणि नववर्षाची यादी जाहीर होईपर्यंत कुणालाही सांगायचं नसतं. याला त्याचं पत्र आलं असणार, आणि माझंही नाव तिथं कळलं असणार. मी मोठ्या मनानं म्हटलं, बोलू नकोस, मला सगळं माहीत आहे.
तो म्हणाला, "खरंच? आणि तू रागावला नाहीस?"
मी म्हटलं, रागवायचं काय त्यात, आपण दोघंही त्या लायकीचे आहोत.
त्यानं विचारलं, आईंचा गुडघा आता कसा आहे. मी म्हटलं, तिच्या गुडघ्याला काय झालंय? बरं बरं, म्हणाला आणि ठेवला.
सन्मानाचा ताण प्रत्येकाला झेपत नाही.

२१ डिसेंबर, रविवार.
माझं पत्र अजून नाही. ख्रिसमसची टपाल गर्दी. शिवाय मानद लोकांची पत्रं बहुधा वकिलातीमार्फत येत असावीत. डब्लिनच्या वकिलातीला फोन करणार होतो, पण उतावीळ दिसेल.
नवा बंदगळा शिवून आला. पुण्याच्या शिंप्यानं जुन्या मापावर शिवला. श्वास सोडल्यावर बटण लागतं.
विभावरीनं विचारलं, आईंना फोन केलास का. म्हटलं, तिला मी आठवत नाही, मग करून काय उपयोग? ती म्हणाली, प्रयत्न तरी कर. या विषयावर मी बोलत नसतो.

३१ डिसेंबर, बुधवार. सकाळी ८.
यादी लागली. फोनवर पाहिली. के अक्षराखाली नाही, आडनावाप्रमाणे असते. सापडलं. केदार. एमबीई. विनोदी कलाकार. लेस्टरमधल्या स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांच्या सेवेसाठी.
माझं आडनाव चार वेळा शोधलं. चुकीच्या स्पेलिंगनंही शोधलं.

८.४०.
परदेशी नागरिकांची यादी वेगळी असते. वाचलं नुकतंच.

११.१५.
त्या यादीतही नाही.
म्हणजे माझ्या चार पानांच्या पार्श्वभूमीवर भाडेकरू राजवाड्यात चालला. 'आमचा' असा शब्द कुठे नाही. 'जोडीदार' असा शब्द नाही. पंचवीस वर्षं ज्याला मी टायमिंग शिकवलं त्यानं आयुष्यातलं सगळ्यात मोठं टायमिंग माझ्यावर साधलं. नोव्हेंबरात फोन करून मला गुडघ्याबद्दल विचारत होता.
त्याला मेसेज केला: अभिनंदन. पुढे पूर्णविराम दिला. त्याला कळेल.
संकल्प, २०२६: केदारशी संबंध संपले.

१ जानेवारी २०२६, गुरुवार. दुपार.
गिरिजाबाईंना खरमरीत ईमेल केली होती की माझ्या पत्राचं काय झालं. सुट्टी असून तासाभरात उत्तर. अतिशय गोड भाषेत. आपलं पत्र मिळालं होतं, पण ते दुसऱ्याच व्यक्तीबद्दल वाटल्यानं जोडता आलं नाही. सुदैवानं आपल्या पत्नीनं दिलेलं पत्र फार उपयोगी पडलं, त्यांचे पुन्हा आभार माना.
पत्नीनं दिलेलं पत्र.
विभावरी बाहेर कपडे वाळत घालत होती. पाऊस नव्हता म्हणून. मी तिथंच जाऊन उभा राहिलो आणि विचारलं. तिनं हातातला टॉवेल आधी दोरीवर टाकला, चिमटे लावले. मग म्हणाली, हो, दिलं.
मी म्हटलं, माझ्या पाठीमागे?
ती म्हणाली, तुझ्या समोर दोनदा सांगितलं. तू तुझी साडेचार पानं लिहीत होतास.
काय लिहिलं होतंस, हे विचारायला नको होतं. तिनं फोनवर काढून दिलं आणि राहिलेले कपडे घेऊन पुढच्या दोरीकडे गेली. एक पान. खाली माझ्यापुरता सारांश, तिच्याच शब्दांत.
माझ्या सासूबाई चिंचवडच्या वृद्धाश्रमात आहेत. त्यांना आता फारसं आठवत नाही. त्या रोज विचारतात, चंदूचा फोन आला का. काही महिन्यांपूर्वी मी केदारला त्यांना फोन लावून दिला. कॉलेजात असताना तो त्यांच्याकडे जेवायचा. त्यांना तो चंदू वाटला. त्याला नाही म्हणवेना. तेव्हापासून दर गुरुवारी तो माझ्या नवऱ्याच्या आवाजात त्यांच्याशी अर्धा तास बोलतो. एकही गुरुवार चुकलेला नाही. यासाठी त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही.
इतकंच. माझ्या साडेचार पानांपेक्षा भाषा अगदीच साधी.

३ जानेवारी, शनिवार.
दोन दिवस घरात कुणाशी बोललो नाही. कुणी हरकत घेतली नाही.
केदारला फोन केला. (संकल्प दोन दिवस टिकला. पण हे भांडण होतं, संबंध नव्हे.) सरळ विचारलं, माझा आवाज वापरायची परवानगी कुणी दिली? नक्कल माझी, आई माझी, आणि पदक तुझ्या छातीवर?
मला वाटलं होतं तो गयावया करेल. तो म्हणाला, "मला वाटलं तुला माहीत आहे. तूच म्हणालास, सगळं माहीत आहे, रागावलो नाही. मला त्या दिवशी केवढं हलकं वाटलं होतं रे."
मी म्हटलं, तो विषय वेगळा होता.
तो म्हणाला, कुठला?
मी म्हटलं, नंतर सांगतो.
मग त्यानंच विचारलं, तू का करत नाहीस फोन? मी म्हटलं, कामं असतात. मग म्हटलं, सव्वादोन वर्षांपूर्वी केला होता, तर ती म्हणाली, कोण बोलतंय, आमचा चंदू आयर्लंडला असतो. मी म्हटलं, मीच. ती म्हणाली, राँग नंबर. केदार, माझ्या आईनं मला राँग नंबर म्हटलं.
हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.
तो म्हणाला, आठ तारखेचा गुरुवार तू कर. साडेअकराला लाव, तिकडे पाच वाजतात, चहा झालेला असतो. गुडघ्याचं विचार. तेल लावतात का विचार. त्यांना बरं वाटतं.
माझ्याच आईशी काय बोलायचं याच्या सूचना मला देतोय. एमबीई झाल्यापासून शिष्ट झालाय.
लिहून घेतल्या.

७ जानेवारी, बुधवार.
उद्यासाठी रजा टाकली. आईला 'मालक आणि भाडेकरू' फार आवडायचं. त्यातली पहिली पाच मिनिटं करणार. खरा मालक खऱ्या आवाजात. दोन वर्षांच्या नकलेनंतर अस्सल माल ऐकल्यावर फरक तिला लगेच कळेल. केदारलाही मग कळेल.
विभावरीला म्हटलं, उद्या बघ. ती म्हणाली, ग्रँड. (इथं याचा अर्थ नुसतं 'बरं'.)

८ जानेवारी, गुरुवार. दुपारी १२.१५.
साडेअकराला लावला. सिस्टरनं फोन आईच्या कानाला लावून दिला. मी म्हटलं, आई, मी चंदू. ती म्हणाली, हं, बोल.
राँग नंबर म्हणाली नाही.
गुडघ्याचं विचारलं. दुखतो म्हणाली. तेल लावतात का विचारलं. गिरिजाबाईंच्या होममध्ये केदार लोकांना का आवडतो ते थोडं कळलं, कारण आई तेलाबद्दल दहा मिनिटं बोलली आणि मला काही करावं लागलं नाही. मालक-भाडेकरू सुरू करणार होतो. पण तेवढ्यात ती म्हणाली, जेवतोस ना वेळेवर. मी नाक ओढलं. आवाज फुटला, तो फोनवरही गेला असणार.
आई हलकेच म्हणाली, "केदार, आज नाही जमलं हं तुला."
मी म्हटलं, आई, मी चंदूच आहे.
ती म्हणाली, "अरे, मला ठाऊक आहे तू केदार आहेस. पहिल्यापासून ठाऊक आहे. तू इतक्या प्रेमानं करतोस, मग मी कशाला बोलू? पण आजचा आवाज चंदूसारखा नाही. चंदू रडत नाही. आणि इतका वेळ बोलतही नाही."
सिस्टर मागे हसत होती. मी विचारलं, मग चंदू कसा बोलतो?
आईनं करून दाखवलं. थोडं नाकातून, शब्द भरभर, वाक्याचा शेवट गिळून. बरं आई, ठेवतो, जरा गडबडीत आहे. हुबेहूब मी. मला माझी नक्कल एवढी चांगली कुणी केलेली आठवत नाही.
म्हणाली, "घाई आण आवाजात. त्याला नेहमी दुसरीकडे कुठेतरी जायचं असतं. हं, कर बघू."
मी केलं.
ती म्हणाली, परत.
तिसऱ्यांदा जमलं.