नव्वद की साठ

२ फेब्रुवारी, सोमवार

आज घन पडद्याबाहेर गेला! माउस जरा जोरात फिरला आणि घन गायब. वर्ग खो खो हसला. पुढच्या बाकावरची चष्मेवाली उठून आली, एक बटण दाबून घन परत आणला. "बाई, हळू धरा," म्हणाली. बावीस वर्षं रंगीत खडूने घन काढतेय मी! पुढच्या मंगळवारी तपासनीस भूमितीच्या याच नव्या सॉफ्टवेअरवर माझा तास बघणार. मुख्याध्यापक म्हणाले, घाबरू नका. म्हणजे घाबरायला हवं.

३ फेब्रुवारी

माउस जमतोय. घन अजून अधूनमधून पळतो, एवढंच.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मोकळ्या तासाला एकटीच सराव करत बसले. नेहमीचं उदाहरण घेतलं — घनाच्या एकाच कोपऱ्यातून निघणारे, शेजारच्या दोन पृष्ठांवरचे कर्ण. त्यांच्यातला कोन किती? प्रत्येक कर्ण मधल्या कडेशी पंचेचाळीस, दोन्ही मिळून नव्वद. माझ्या टिपणांत पान अकरा.

कोन मोजला. साठ!

सॉफ्टवेअरच चुकतंय म्हटलं. बंद करून पुन्हा चालू केलं. साठ. मग कर्णांची दुसरी टोकं जोडली आणि घन फिरवला. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू सारख्या. मग साठच असणार की! मी इतकी वर्षं मनातल्या मनात घन उलगडून सपाट करत होते, फळ्यासारखा.

७ फेब्रुवारी, शनिवार

टिपणं सगळ्या वर्गाकडे आहेत. मुख्याध्यापक तर ती छापून घ्यायचं म्हणतायत. त्यांना सांगायला दोनदा दारापर्यंत गेले आणि हजेरीपट मागून परत आले. मंगळवारी दुसरंच उदाहरण घ्यावं, कोणाला कळतंय — असंही मनात आलं. लाज वाटली. तरी तो विचार अजून सोडलेला नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

माळ्यावरून लेकीच्या शाळेच्या वह्या काढल्या. घरी गणित मीच शिकवायची तिला. तेच उदाहरण सापडलं. उत्तर — साठ. शेजारी कागद दुमडून केलेला छोटा घन चिकटवलाय, आता चपटा झालेला. त्यावर माझी लाल काट! खाली माझ्याच अक्षरात, "दहा वेळा लिही." आणि तिने दहा वेळा नव्वद लिहिलंय, वळणदार अक्षरात.

पुढे तिने गणित सोडलं. हिच्या डोक्यात गणित शिरतच नाही, असं मी नातेवाइकांत सांगत फिरले. आज फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

९ फेब्रुवारी

मुख्याध्यापकांना सांगितलं. ते पान अकराकडे बघत बसले. मग म्हणाले, उद्याचा तास पार पडू द्या, नंतर बघू. म्हणजे गप्प बसा.

१० फेब्रुवारी, मंगळवार

नाही बसले गप्प. तपासनीस मागच्या बाकावर वही उघडून बसलेले. मी वर्गाला पान अकरा काढायला लावलं, नव्वद खोडायला लावलं, मग घन फिरवून दाखवला. चष्मेवालीने विचारलं, "बाई, मग आधी नव्वद का लिहून दिलं?"

"मला दिसलं नव्हतं," म्हणाले.

तपासनीस खाली मान घालून लिहीत होते. काय लिहिलं ते कळवतील म्हणे.

११ फेब्रुवारी

लेकीला फोन केला. वहीचं सांगितलं, माफी मागितली. ती म्हणाली, "अगं आई, मला माहीत होतं. परीक्षेत मी साठच लिहिलं होतं. नव्वद फक्त घरी."