नाव सोडून सगळं

३० मार्च

"आई, तू हाक मारतेस तेव्हा मी मागे वळून बघतो, दुसरं कोण आलंय काय म्हणून."

माझी सेजल तिसरीत असताना म्हणाली होती. तेव्हा ती सेजल नव्हती, आम्ही ठेवलेलं मुलाचं नाव होतं. मी मासळी साफ करत होते. हसले आणि म्हटलं, जा, हात धुऊन ये. हात धुऊन आली, निमूट जेवली. पुन्हा कधी तसं बोलली नाही.

उद्या डिचोलीत कार्यक्रम आहे. ट्रान्सजेंडर लोकांचा जागतिक दिवस. अश्विनी सांगते, "मावशी, हा रडायचा दिवस नव्हे. लोकांनी आमच्याकडे नीट बघावं, म्हणून हा दिवस." अश्विनी कारापूरची. स्वतः त्यातूनच गेलेली, आता दुसऱ्यांसाठी धावते. तिला एक आई हवी होती, स्टेजवर उभी राहणारी. कुणी तयार होईना. मी हो म्हटलं.

सुरुवात सेजलच्या त्या वाक्यानेच करणार. तिला आधी सांगितलेलं नाही. नंतर सांगीन, खूश होईल!

नाव मात्र घेणार नाही. तेवढं मला कळतं.

३१ मार्च

बोलले! स्टेजवर उभी राहून बोलले.

समोर बऱ्याच खुर्च्या रिकाम्या. एक म्हातारे काका आरोग्य शिबिर समजून आले होते, शेवटपर्यंत बसले. जाताना जवळ येऊन म्हणाले, "बरें उलयलें गो बाये. पूण बीपी केन्ना तपासतले?" अश्विनी हसता हसता खालीच बसली.

मी सांगितलं, माझी मुलगी मोपाच्या विमानतळावर काउंटरवर असते. लोकांना पास देते, त्यांच्या बॅगा वजनाला लावते. तुम्ही गेलात तर तुमच्याशीही हसून बोलेल. टाळ्या पडल्या. माझ्या लेकीसाठी डिचोलीत टाळ्या!

घरी आले तर हे जनेलाचे गज धरून उभे. कार्यक्रमाचं काही विचारलं नाही. "मोपाक गरम जाता आसतलें न्हय?" एवढंच. गेली चार वर्षं तिच्याविषयी असंच विचारतात. मोपाला पाऊस आहे काय. मोपाला सुट्टी असते काय. तो म्हणत नाहीत, ती म्हणत नाहीत, नाव घेत नाहीत.

२ एप्रिल

कुणीतरी व्हिडिओ काढला होता. फिरतोय.

सकाळी नणंदेचा फोन. हर्षाचा. "वयनी, तुका पळयली मोबायलार! मोपाक काउंटरार, डिचोलेचें, तुजें एकुलतें... म्हणजे तें आमचेंच न्हय?"

तिला माहीत नव्हतं. नातेवाइकांना आम्ही एवढंच सांगितलं होतं, मुलगा बाहेर असतो.

फोन ठेवला. नाव घेतलं नाही मी. नाव सोडून सगळं सांगितलं. वाचनालयातलं काम संपवून रविवारच्या पुरवणीत गोष्टी लिहिते, त्यात माणसांची नावं बदलते आणि समजते, माणूस झाकला. इथे कुणाला ओळखायला नाव लागतं? भेटलं माणूस की पहिलं विचारतात, तू कोणाचं.

३ एप्रिल

सेजलचा फोन आला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आई, काल एका पॅसेंजरने पास घेतला आणि विचारलं, तूच ना ती? मागची सगळी रांग बघायला लागली."

मी म्हटलं, बाळ, मी नाव—

"माहीत आहे. नाव नाही घेतलंस."

मग म्हणाली, "तिथे मला कुणी बघत नव्हतं. बॅगेकडे बघायचे, घड्याळाकडे बघायचे. किती बरं वाटायचं माहीत आहे तुला?"

आणि शेवटी, "ते लहानपणचं मी फक्त तुला सांगितलं होतं."

५ एप्रिल

फोन लागत नाही. मेसेज जात नाही. तिने माझा नंबर बंद करून टाकलाय.

८ एप्रिल

राहवेना. पेडण्याला गेले. बाजारामागच्या एका घरात ती खोली घेऊन राहते. घरमालकीण शांताबाय उंबऱ्यावर नारळ किसत होती. "भायर कित्याक उबी? भितर ये गो." बरी बाई. तिने व्हिडिओ बघितलेला नसावा. "तुजें काम तेच्याकडे? दोन दीस उंडे-पाव घेवंक लेगीत भायर येवंक ना तें. आंग दुखता म्हणटा."

मी दार वाजवलं. हाक मारली. आतून आवाज आला, "आई, हळू."

हळू! मी परत तेच करत होते. तिच्या दारात उभी राहून सगळ्या घराला ऐकू जाईल असं.

दार उघडलं. चेहरा सुकलेला, डोळ्यांखाली काळं. मी हात पुढे केला, तेवढ्यात शांताबाय मागे आली. "कोण गो हीं?"

सेजल म्हणाली, "वाचनालयातल्या बाई. डिचोलीच्या. पुस्तक द्यायला आल्यात."

माझ्या हातात पुस्तक नव्हतं. डबा होता. शांताबाय डब्याकडे बघत राहिली. मी डबा दिला, "येते हं" म्हटलं, निघाले. बसमध्ये बाजूच्या बाईने रुमाल दिला तेव्हा कळलं, मी रडतेय.

१२ एप्रिल

अश्विनीशी ती बोलते. माझ्याशी नाही. अश्विनीकडून कळलं, तिला काउंटरवरून काढलंय. मागे सामानाच्या बाजूला ठेवलंय, जिथे पॅसेंजर येत नाहीत. "वातावरण शांत होईपर्यंत" म्हणे.

अश्विनी पेटली होती. "असं करता येत नाही त्यांना, मावशी. कायदा आहे. आपण निवेदन देऊ. बोर्ड घेऊन उभे राहू, मी वीस जणं आणते!"

म्हटलं, आधी तिला विचार.

तिने माझ्यासमोरच फोन लावला. सेजलचं उत्तर मलाही ऐकू आलं. "मला न्याय नको गं. मला माझा काउंटर दे."



१३ एप्रिल

जेवण जात नाही. काल वाचनालयात एकाला दुसऱ्याचंच पुस्तक दिलं.

तिला त्या काउंटरवर बसायला किती वर्षं लागली! कागदपत्रं बदलायला खेपा घातल्या. मुलाखतीच्या आदल्या दिवशी आरशासमोर "गुड मॉर्निंग सर, गुड मॉर्निंग मॅडम" म्हणत होती. आवाज तिला पसंत पडेना. मीच सर झाले, मीच मॅडम. दुपार उलटली तरी आमचं चाललं होतं.

आणि मी ते एका भाषणात घालवलं.

१८ एप्रिल

देवीला कौल लावला, सेजल परत बोलेल काय म्हणून. मूर्तीला लावलेल्या पाकळ्या होकाराला उजवीकडे पडल्या नाहीत, नकाराला डावीकडे पडल्या नाहीत. तशाच चिकटून राहिल्या. गुरव म्हणाले, "आज देवी उलयना. मागीर या."

ती पण बोलत नाही.

२३ एप्रिल

सेजलचा मेसेज! अनोळखी नंबरवरून. हजारदा वाचला.

"उद्या आमच्या मॅनेजर मॅडम तुला फोन करतील. कार्यक्रमाच्या पत्रकावरून त्यांना तुझा नंबर मिळालाय. व्हिडिओतली बाई तुझी आई का, असं त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हटलं. तुलाही विचारतील."

खाली काही नाही. काय सांग, ते लिहिलेलं नाही.

२४ एप्रिल

फोन दुपारी आला. आवाज इतका गोड! मला वाटलं होतं, कुणी रागीट बाई असेल.

"मॅडम, तुमचं भाषण ऐकून डोळ्यांत पाणी आलं. तुमची मुलगी आमच्याकडची असेल तर आम्हाला अभिमानच आहे. सतरा मेला समानतेचा दिवस असतो ना, तेव्हा तिचा सत्कार करू. आत शिरताच मोठा फोटो लावू. फक्त एकदा खात्री करायची होती."

फोटो! दारात!

बाई चांगली होती. ती माझ्यासारखीच होती.

म्हटलं, "नाही हो. मला एक मुलगा आहे. मुंबईत असतो." तिने नाव विचारलं. मी सांगितलं. ते जुनं नाव. किती वर्षांनी जिभेवर आलं, आणि किती सहज आलं.

"मग भाषणात ते...?"

"ऐकलेली गोष्ट होती. लोकांना जाणीव व्हावी म्हणून आपली सांगितली. मोपासुद्धा मीच घातलं."

"अच्छा," ती म्हणाली. गोडवा गेला होता.

वळले तर हे ताटावर बसलेले. सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, ह्यांना बरं वाटेल. मुलगा म्हण, मुलगा म्हण, हेच तर त्यांना माझ्या तोंडून हवं होतं.

ताट सरकवलं. उठताना म्हणाले, "तें जुनें नांव परत ह्या घरांत काडूं नाका."

२८ एप्रिल

अश्विनी आली होती. बातमी पोचलीय, की व्हिडिओतल्या बाईने बनवून सांगितलं. मुलगी नाहीच तिला.

"लोक मला विचारतात मावशी, तुम्हा लोकांच्या बाकीच्या गोष्टी तरी खऱ्या काय?" मग म्हणाली, "तुम्ही तिला वाचवलंत. मला कळतं. पण आता दुसरी कुठली आई उभी राहील आमच्यासाठी?"

मी चहा दिला. अर्धा प्याली. जाताना पाया पडायची तिची सवय आहे. आज पडली नाही.

३ मे

काउंटर मिळाला! अश्विनीने एवढंच कळवलं. रागावली असली तरी कळवलं तिने.

६ मे

माझा नंबर तिने अजून बंदच ठेवलाय.

१० मे

शेजारची भाग्यलक्ष्मी फणस घेऊन आली. फणस निमित्त, आणलं होतं स्थळ. "इतले दीस सांगूंक ना मगे! झील मुंबय, आनी आमकां खबर ना. म्हज्या भयणीचें चेडूं पळय तरी. बँकेंत आसा." मी काय बोलू? "त्याला विचारते" म्हटलं. खरंच म्हटलं!

मुंबईतला मुलगा रोज थोडा वाढतोय. त्याला नोकरी आहे. मालाडला खोली आहे. परवा वाचनालयात कुणाला तरी सांगितलं, त्याला माझ्या हातचं सुंगटांचं हुमण आवडतं. ते सेजलला आवडतं.

तिच्या जागी दुसऱ्या कुणाला तरी पोसतेय मी. आणि हे सोडता येत नाही. सोडलं की ती परत उघडी पडेल. ती मेली असती तर तिच्यासाठी रडता तरी आलं असतं. शी! काय लिहितेय मी हे.

१४ मे

तिला बघितल्याला महिना उलटून गेला. पेडण्याला जाता येत नाही. वाचनालयातली बाई किती वेळा पुस्तक द्यायला जाईल? विमानतळावर प्रवाशांशिवाय कुणाला आत सोडत नाहीत.

१६ मे

तिकीट काढलं. मोपा ते मुंबई. जन्मात विमानात बसले नाही. ह्यांनी विचारलं, कशाला? म्हटलं, सगळीकडे मीच सांगितलंय ना, मुलगा मुंबईत आहे. मग आईने जायला नको? ह्यांनी कपाटावरची बॅग काढून पुसायला घेतली.

त्या अनोळखी नंबरवर मेसेज लिहिलाय. ती नाही म्हणणार, मला माहीत आहे. तरी पाठवते.

"सेजल, वीस तारखेला सकाळच्या विमानाने जाते. तुझ्या काउंटरवर येऊ? ओळख दाखवणार नाही. जास्त बोलणार नाही. सगळ्यांना विचारतेस तसंच मला विचारशील, खिडकी हवी की कडेची?"