एक्केचाळिसावी ओळ

प्रिय ठमे,

निकालानंतर कुणाशी न बोलता तू मावशीकडे निघून गेलीस, त्यानंतरचं तुझं पहिलं पत्र काल दुकानावर आलं. चष्म्याच्या काचा घासता घासता वाचायला लागलो, तर मालक म्हणाले, एक तर वाच, नाहीतर घास. मी यंत्र बंद केलं.

एक्केचाळिसावा प्रश्न अडला म्हणून तू सोडलास आणि पुढे गेलीस. इथपर्यंत सगळं मी शिकवलं तसंच. पण बेचाळिसाव्याचं उत्तर एक्केचाळिसाव्या ओळीत रंगवलंस, आणि तिथून पुढची सगळी उत्तरं एकेक ओळ वर सरकली. लक्षात आलं तेव्हा दहा मिनिटं उरलेली. मग पेन्सिल खाली ठेवलीस, डोळे मिटलेस, श्वास मोजलेस, आणि खोडायला गेलीस तर कागद फाटला. शेवटी लिहितेस, ‘दादा, तुझ्यासारखं शांत राहणं मला जमलं नाही. चूक माझीच.’ हे वाक्य माझ्या घशाखाली उतरत नाही.

माझ्या शांतपणाचं आपल्या घरात केवढं कौतुक. याच परीक्षेत पोरगा चार गुणांनी हुकला, पण चेहऱ्यावरची रेषा हलली नाही, असं आई येईल त्याला सांगते. बाबा म्हणाले, क्लास कशाला, घरात दादा आहे की. म्हणून वर्षभर दर रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आपली शाळा भरली. तू लिहीत असताना मी मुद्दाम कपबशा आपटायचो, खुर्ची ओढायचो, आणि तू मान वर केलीस की एक गुण कापायचो. तू म्हणायचीस, परीक्षा परवडली, पण तू नको. प्रश्न मी वहीत लिहून द्यायचो आणि प्रत्येकाखाली उत्तराला जागा ठेवायचो. प्रश्न सोडला की त्याची जागाही आपोआप सुटायची.

खऱ्या परीक्षेत उत्तरांचा कागद वेगळा असतो, त्यावर नुसते आकडे आणि गोल असतात, हे ती परीक्षा दिलेल्या कुणालाही ठाऊक असतं. मला नव्हतं. तू एकदा विचारलंही होतंस, कागद कसा असतो रे? मी म्हणालो, कागदासारखा. तू हसलीस, आणि मी सुटलो.

सहा वर्षांपूर्वी मी परीक्षा केंद्राच्या फाटकापर्यंतच गेलो होतो, ठमे. घंटा झाली, सगळे आत गेले, माझे पाय उचलेनात. रखवालदार म्हणाला, येतोस की लावू? मी बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि फाटक लागेपर्यंत वाकलेलाच राहिलो. मग तीन तास समोरच्या बाकावर बसून बाकीच्यांबरोबर घरी आलो. चार गुण मीच बनवले. पुढे निकालाचा कागद कुणी मागितला नाही.

पुन्हा अर्ज भरणार नाही म्हणतेस. शुक्रवारी मुदत संपते. भर म्हणायला मला तोंड नाही. पण भरायचा नसेल तर ते तुझ्या मनाने ठरव, माझ्या खोट्यामुळे नको. आज आईबाबांना मी सगळं सांगणार आहे. त्यांच्या आधी तुला सांगायला हवं, म्हणून हे लिहिलं. हे पत्र टपालात टाकूनच घरी जाईन, म्हणजे दारात पोचल्यावर मागे फिरता येणार नाही.

तुझाच,
दादा