भिंतीपलीकडे गेलेली फांदी

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू लेकीच्या बाळंतपणाला गेल्यापासून तुझं घर आणि बोगनवेल दोन्ही जिवापाड सांभाळतोय. वेलीला सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी घालतो, दवाखान्यातून आलो की तिची विचारपूस करतो. पण फूल औषधालाही नाही, नुसता पाला! त्यात एक फांदी भिंतीपलीकडे गेली आहे. ती महिनाअखेर हटली नाही, तर शेजारच्या गाण्याच्या बाई वेल मुळासकट तोडायला माणूस आणणार म्हणतात. मी दातांचा डॉक्टर. मला उपटणं कळतं, वाढवणं नाही. काय करू?

लोभ असू दे, रागवायचं ते आल्यावर रागव.

तुझा धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, ती वेल आहे, जावई नव्हे! पाणी ताबडतोब बंद. माती खडखडीत वाळल्याशिवाय झारीला हात लावू नकोस. फार लाड केले की ती पानं काढत बसते, उन्हात तहानली की बहरते. लांबलेल्या फांद्या छाट, पण जाड हातमोजे घालून. आणि त्या बाईंच्या वाटेला जाऊ नकोस. एकदा त्यांचा रियाज चालू असताना मी मांजर समजून भिंतीवरून तांब्याभर पाणी फेकलं, तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

जपून राहा, जेवत जा.

तुझी ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तहानलेली वेल बघवेना, म्हणून मी मागच्या दारानं ये-जा केली. पण तुझंच खरं! ती अशी गुलाबी झाली आहे की पान दिसत नाही.

आता पुढचं बसून वाच. बाकीच्या फांद्या छाटल्या होत्या, पलीकडची तेवढी राहिली होती. मुदतीच्या शेवटच्या दिवशी ती ओढली, तर हातातून सपकन सुटली. परत आली ती काट्यांत विग घेऊन. पलीकडे बाई उभ्या! घाबरून माझ्या तोंडातून निघून गेलं, की माझ्यासमोर लोक दिवसभर कवळ्या काढून बसतात, तिथं केसांचं काय एवढं! यावर बाई इतक्या हसल्या, की त्यांचीच कवळी निसटून कुंडीत पडली. मी ती दवाखान्यात नेऊन नीट बसती करून दिली. आता त्या म्हणतात, की फांदी कापायची नाही, आहे तिथंच राहू दे. काल चहाला आल्या होत्या. तुझी चौकशी करत होत्या.

बाळाला पापा. माया आहेच, ती वाढव.

तुझा धाकटा

८ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून लेक इतकी हसली, की बाळ दचकून उठलं. महिनाअखेरीस येते आहे. तुमचं बोलणं सुरू झालं, म्हणजे आता मलाही बोलावं लागणार. पहिलं वाक्य काय बोलू, काही केल्या सुचत नाही. तूच बाईंना विचार, माझ्याकडून त्यांना काय ऐकायला आवडेल, आणि उलट टपाली कळव.

तुझी घाबरलेली
ताई